तारीख, पत्ता आणि दुवा

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पुढच्या दोन महिन्यांतच, २१ आणि २२ मार्चला, आजच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची ती प्रसिद्ध परिषद भरली. परिषदेची आठवण कोल्हापूर जपतं. त्या अडीच हजारांचा विचार मात्र वेगळ्या अंगाने करायला हवा. ज्यांचं म्हणणं कुठेच छापून येत नव्हतं त्यांनी स्वतःचं पत्र काढायचं ठरवलं, तरी कागद, जुळणी, छपाई आणि टपाल यांचा खर्च कुणीतरी उचलावाच लागत होता. तो उचलणारा राजा भेटणं ही रोज घडणारी गोष्ट नव्हती.

विसावं शतक संपेपर्यंत मराठीत लिहिणाऱ्याची स्थिती फारशी बदलली नाही. पदरचे पैसे घालून छापा, नाहीतर संपादकाच्या पसंतीची वाट पाहा. ‘साभार परत’चा शिक्का बसलेली किती हस्तलिखितं गावोगावच्या ट्रंकांत राहून गेली असतील! त्यांतलं सगळंच छापण्याजोगं होतं असं नाही, पण ते वाचायचं की नाही हे ठरवायची संधी वाचकाला कधी मिळालीच नाही. ब्लॉगने, म्हणजे इंटरनेटवर स्वतःचं लिखाण स्वतःच प्रसिद्ध करायच्या जागेने, ती दिली. मात्र फुकट प्रसिद्धी एवढंच ब्लॉगचं काम मानलं, तर त्याची खरी देणगी नजरेतून सुटते. ब्लॉगने प्रत्येक मजकुराला तारीख दिली, स्वतःचा कायमचा पत्ता दिला आणि दुसऱ्याच्या मजकुरापर्यंत नेणारा दुवा दिला. आज आपण फोनवर दिवसभर जे वाचतो त्यातल्या बहुतेक मजकुराला या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते.

जन्मकथा थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये स्वतःच्या पानावर रोजचं आयुष्य आणि आवडलेले दुवे लिहायला सुरुवात केली. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी अशा नोंदवहीला ‘वेबलॉग’ म्हटलं, आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी त्याचं ‘ब्लॉग’ केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली, आणि मे महिन्यात मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांचं ‘वर्डप्रेस’ आलं. या सगळ्यात मोलाची पायरी २००० सालची आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. तोवर ब्लॉग म्हणजे एकच लांब पान असे. नवी नोंद वर चढायची, जुनी खाली सरकायची. ब्लॉगरने प्रत्येक नोंदीला वेगळा, न बदलणारा पत्ता दिला, त्याला ‘पर्मालिंक’ म्हणतात. त्यामुळे ‘तू अमुक तारखेला हे लिहिलं होतंस, त्यात ही चूक आहे’ असं नेमकं बोट ठेवून सांगता येऊ लागलं. वाद घालायला आणि वाद मिटवायला एवढी सोय पुरेशी असते.

मराठीत हे सगळं उशिरा पोचलं. लोकांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, अडलं होतं ते अक्षरांपाशी. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकावर ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण आपल्याकडचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, जग जुन्या फाँटांवर चालत होतं. त्या फाँटांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असे, फक्त दिसायला मराठी. तोच फाँट समोरच्याकडे नसला की पडद्यावर चिन्हांचा गोंधळ उमटे. कित्येक मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं स्वतःचा फाँट सोबत पाठवत, ती एखाद्याच ब्राउझरमध्ये नीट दिसत, आणि त्यातलं एक अक्षरही शोधयंत्राला सापडत नसे.

युनिकोड आलं तरी नेट कॅफेत ते चालेलच असं नव्हतं. विंडोज ९८ वर नुसते चौकोन दिसायचे. एक्सपीवर र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट मिळायचा, पण कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’समोर खूण करावी लागे. मग यंत्र विंडोजची मूळ सीडी मागे. कॅफेवाल्याकडे ती हाताशी नसे आणि गिऱ्हाइकाला बदल करायची परवानगी नसे. खूण केलेली नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसायची. हा सगळा उपद्व्याप करून जे लोक २००४-०५ च्या सुमारास मराठीत लिहू लागले, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांनी मजकुराइतक्याच ‘मराठी कसं दिसेल, कसं टंकायचं’ याच्या सूचना लिहिल्या, आणि त्या वाचून पुढचे लिहिते झाले. इराणमध्येही असंच घडलं होतं. हुसेन देरख्शान यांनी २००१ मध्ये फारसीत ब्लॉग कसा काढायचा याची पायरीपायरीने माहिती दिली आणि बघता बघता हजारो फारसी ब्लॉग उभे राहिले. पुढे २००८ मध्ये त्यांना अटक झाली, ते सुटले २०१४ मध्ये.

अक्षरांची ती अडचण पुरती संपलेली नाही, आणि कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात लिहिणाऱ्याला ती रोज आडवी येते. ‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह) आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. आजच्या शिफारशीप्रमाणे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एका रूपाने शोधलं तर दुसऱ्या रूपातले लेख हुकतात. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह गळालं, तर तिसरं, सरळ चुकीचं रूप तयार होतं, ‘शेतकर्यांना’. ऊसदरावरचे जुने लेख शोधणाऱ्याने म्हणूनच तिन्ही रूपं घालून पाहावीत. ‘ॲप’मधल्या ॲचंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या लिखाणात अ वर चंद्र चिकटवलेला असतो.

जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणाऱ्या चुकाही ठरावीक आहेत. जुना फाँट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने अक्षरं साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘कार्तिक’ या शब्दात जुन्या फाँटात वेलांटी त च्या आधी येते आणि रफार त च्या नंतर. युनिकोडमध्ये आधी र आणि हलन्त, मग त, मग वेलांटी. परिवर्तकाने ही उलटापालट नीट केली नाही की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून रूपांतर झाल्यावर सगळा मजकूर वाचायला वेळ नसेल, तर निदान रफार आणि पहिली वेलांटी एकत्र येणारे शब्द तरी तपासावेत: निर्मिती, आर्थिक, वार्षिक, मार्मिक. ते बरोबर उतरले असतील तर बाकीचंही बहुधा बरोबर असतं.

एवढा खटाटोप करून लोकांनी लिहिलं काय? राजकारण आणि साहित्य तर लिहिलंच, पण सर्वांत खोल परिणाम घडला तो घरगुती, कामाच्या ज्ञानावर. पांढरा रस्सा घ्या. घरोघरी तो ‘अंदाजाने’ होतो, आणि हा अंदाज सासूकडून सुनेकडे हातानेच जातो. शिकागोत किंवा पुण्यात एकट्या राहणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नसतो. ब्लॉग लिहिणाऱ्या बायकांनी अंदाजाला वाटी आणि चमचा लावला. अर्धा किलो मटणाच्या अळणी पाण्याला (मटण शिजवलेल्या पाण्याला) दोन मोठे चमचे पांढरे तीळ, एक चमचा खसखस, दहा-बारा काजू, दीड वाटी नारळाचं दूध. मग खाली कुणीतरी विचारायचं, ‘माझा रस्सा फुटला, का?’ आणि कुणीतरी सांगायचं की नारळाचं दूध शेवटी, आच मंद करून घालावं आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नये, कारण खळखळून उकळलं की त्यातली चरबी सुटी होते. लेख, प्रश्न, कारण आणि दुरुस्ती एकाच पत्त्यावर राहिली, दहा वर्षांनी येणाऱ्यालाही मिळाली. पाककृतींची पुस्तकं आपल्याकडे आधीपासून होती, पण फसलेल्या रस्स्याची चर्चा पुस्तकाला जोडता येत नाही. आणि ज्या बायकांच्या कामाला घरात कुणी ज्ञान म्हटलं नव्हतं, त्यांच्या नावावर ते ज्ञान तारखेसह नोंदलं गेलं.

गिर्यारोहणाच्या ब्लॉगांनीही मोठं काम केलं. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर पाणी कुठे मिळतं, पावसात कोणता ओढा अडवतो, रात्री कुठे टेकता येतं हे आधी मोजक्या मंडळांच्या माणसांना ठाऊक असे. ते खुलं झालं, आणि त्याबरोबर गर्दीही आली. कमी माणसांसाठी असलेली जागा सगळ्यांना सांगितल्यावर तिथे काय होतं, याचा विचार त्या पिढीने पुरेसा केला नाही, असं आमचं मत आहे.

ब्लॉगची गरज सर्वांत जास्त कुठे भासते, तर महापुरात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारतातल्या ब्लॉगरांनी परदेशातल्या सहकाऱ्यांसोबत मदतीची माहिती एकत्र करणारा ब्लॉग चालवला. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसातही तसा प्रयत्न झाला. त्याच पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीही पाण्यात होती, पण इकडची तशी नोंद सापडणं कठीण. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि माहितीचा लोंढाच वाहत होता. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण ‘पाणी ४७ फूट’ एवढाच निरोप वेळ न लिहिता गटागटांतून फिरतो, तेव्हा तो न मिळाल्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. शाहूपुरीतल्या माणसाने सामान माडीवर न्यायचं की घर सोडायचं, हे त्या आकड्यावर नव्हे, तो किती वाजताचा आहे यावर ठरतं. ‘राधानगरीचे दरवाजे आज रात्री सोडणार’ हाही असाच दरवर्षीचा निरोप. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी बाहेर पडतं. हे एकदा नीट लिहून ठेवलेलं पान हाताशी असेल, तर अफवेला उत्तर म्हणून नुसता दुवा पाठवता येतो.

पुराची नोंद उपयोगी पडायची असेल तर तिच्यात तारीख आणि वेळ हवी, मोजणीचं ठिकाण हवं, फूट आणि इंच दोन्ही हवेत. आकडा प्रशासनाच्या पत्रकातला की डोळ्यांनी पाहिलेला, तेही लिहावं. पाणी कोणत्या गल्लीत, कोणत्या खांबापर्यंत किंवा पायरीपर्यंत आलं ते लिहून ठेवलं, तर पुढच्या पुरात शेजाऱ्यांना तुलना करता येते. चुकलेला आकडा पुसून नवा टाकू नये. जुन्यावर रेघ मारून खाली वेळेसह दुरुस्ती लिहावी, कारण जुना आकडा वाचून गेलेल्या माणसालाही तो बदलल्याचं कळायला हवं.

लिहिण्याचे धोके आहेतच. मुंबईतल्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली. सेवा देणाऱ्या कंपन्यांना एकेक पान वेगळं अडवता आलं नाही, आणि काही दिवस देशभरात ब्लॉगस्पॉटचे, म्हणजे ब्लॉगर सेवेच्या फुकट पत्त्यावरचे, सगळेच ब्लॉग दिसेनासे झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तोवर ‘त्रासदायक’ मजकूर एवढ्या कारणावरून अटक होऊ शकत असे, २०१२ मध्ये पालघरला तसं घडलंही. बदनामीचा गुन्हा अजून आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. म्हणून एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याबद्दल किंवा पतसंस्थेच्या कारभाराबद्दल लिहिताना कागद जवळ ठेवावा, कागदात जेवढं आहे तेवढंच लिहावं आणि मत हे मत म्हणूनच मांडावं. त्याहून मोठा धोका कोल्हापूरने पाहिला आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे ब्लॉगर नव्हते, पण लहान, स्वस्त पुस्तिका काढून विचार थेट माणसांपर्यंत नेण्याची त्यांची रीत याच कुळातली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी या शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला ढाक्यात अविजित रॉय या ब्लॉगरची हत्या झाली.

मराठी ब्लॉग मंदावले ते मात्र भीतीमुळे नव्हे. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झालं, म्हणजे आवडत्या पन्नास ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारी सोय गेली. वाचक फेसबुकवर होते, लिहिणारेही तिकडे वळले. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि व्हॉट्सॲप हेच बहुतेकांचं वाचनालय झालं. तिथे लेखाचं पहिलं नुकसान होतं ते नावाचं. कुणीतरी शेवटची ओळ गाळतं, मग ‘लेखक अज्ञात’, मग भलत्याच प्रसिद्ध माणसाचं नाव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला नावाचा हक्क दिला आहे, पण हा लेख आधी आपण लिहिला हे दाखवायला तारीख आणि पत्ता असलेली प्रत कुठेतरी असावी लागते. फेसबुकवर लांब लिहिणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे: तिकडे जरूर लिहा, पण आधी ते स्वतःच्या ब्लॉगवर ठेवा.

तसं करताना काही गोष्टी सुरुवातीलाच नीट केल्या तर पुढचा त्रास वाचतो. ब्लॉगरवर शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर पत्त्यात त्यातलं काहीच येत नाही. नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं रोमन अक्षरांत उमटतं आणि पुढच्या लेखांना त्याच्यामागे आकडे लागतात. म्हणून प्रसिद्ध करण्याआधीच उजवीकडच्या रकान्यात पर्मालिंक स्वतः रोमन अक्षरांत लिहावी. वर्डप्रेस देवनागरी पत्ता चालवून घेतं, पण त्यात दर अक्षराची, दर मात्रेची नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा दोनशे चिन्हांची असते. बाविसाव्या अक्षराच्या आसपास पत्ता तुटतो, आणि पाठवलेला दुवा टक्केवारीच्या चिन्हांची रांग दिसतो. तिथेही छोटा रोमन पत्ताच बरा.

बॅकअपबद्दल गैरसमज फार आहेत. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून मिळणाऱ्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटोंचे मात्र नुसते दुवे असतात. वर्डप्रेसच्या निर्यातीचंही तसंच. फोटो वेगळे उतरवून ठेवावे लागतात. दुसरीकडे उभारलेल्या ब्लॉगवर मजकूर आणल्यावर मराठीच्या जागी परकी चिन्हं दिसली तर घाबरू नये, अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकलेली असते आणि ती बहुधा दुरुस्त होते. नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर त्या प्रतीतला मजकूर गेला असं समजावं आणि मूळ प्रतीकडे परतावं, म्हणून मूळ प्रत कधीच खोडू नये. प्रतिक्रियांसाठी ज्यांनी ब्लॉगरवर गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाची सोय जोडली होती, त्यांच्या त्या प्रतिक्रिया २०१९ मध्ये गूगल प्लसबरोबर नाहीशा झाल्या. जी सोय मूळ ब्लॉगचा भाग नाही, तिच्यात काही मोलाचं ठेवू नये.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. ग्रंथालयं जुनी नियतकालिकं जपतात, कारण छापील अंक त्यांच्यापर्यंत पोचतो. ब्लॉग आपण होऊन तिथे जात नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या, जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर आपल्या पानाची प्रत स्वतः जतन करता येते, पाच मिनिटांचं काम असतं. त्याखेरीज वर्षाचे निवडक लेख तारखा आणि पत्त्यांसह छापून, बांधून एक प्रत ग्रंथालयात द्यायलाही फार खर्च येत नाही.

राहता राहिला लिहिणाऱ्याच्या पश्चात काय, हा प्रश्न. स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळासाठी पैसे भरून घेतलेलं नाव, असेल तर ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मेलवर असावं, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नव्हे. नूतनीकरण चुकलं तर काही आठवड्यांनी ते नाव कुणीही घेऊ शकतं, आणि जुन्या मराठी ब्लॉगच्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागतात. घरात पुढे कुणी पैसे भरणार नसेल, तर फुकटचा ब्लॉगस्पॉटचा पत्ता जास्त सुरक्षित. पण गूगलही दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून बंद करू शकतं. त्यासाठी खात्याच्या सेटिंग्जमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था आहे. किती महिन्यांनी आणि कुणाला कळवायचं ते तिथे आधीच लिहून ठेवता येतं. ब्लॉगला दुसरा प्रशासकही नेमावा, शक्यतो वयाने लहान, भाची, पुतण्या किंवा विद्यार्थी. निमंत्रण स्वीकारलेला माणूस आधी नुसता लेखक म्हणून जोडला जातो आणि लेखकाला पूर्ण ब्लॉगचा बॅकअप घेता येत नाही. म्हणून त्याने निमंत्रण स्वीकारल्यावर परवानग्यांच्या यादीत जाऊन त्याला प्रशासक करावं, आणि त्याच्याच संगणकावरून एकदा बॅकअप उतरवून पाहावा.